बारा पायऱ्यांचा डीएनए मॉडेल किट : घेण्याआधी शर्करेचा तुकडा हातात धरून बघा

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन ‘१२ लेयर डीएनए मॉडेल’ या नावाने रंगीत प्लास्टिकचा किट मिळतो. बनवणारे वेगवेगळे असले तरी घडण साधारण सारखीच असते. एक बैठक, तिच्यात उभी दांडी, दांडीभोवती चढत जाणाऱ्या बारा जोड्या आणि बाहेरून पीळ घालणारे दोन धागे. हा रिव्ह्यू या प्रकारच्या किटचा आहे. शाळेसाठी किंवा ज्युनिअर कॉलेजसाठी तो घेण्यासारखा नक्कीच आहे, पण एका अटीवर: त्यातला शर्करेचा, म्हणजे बाहेरच्या धाग्यांतल्या साखरेचा, तुकडा नीट घडवलेला हवा. तो चुकला तर बाकी कितीही रंगीत आणि मजबूत असलं तरी उभा राहतो तो डीएनए नव्हे, नुसती पीळ दिलेली शिडी.

आधी डबा उघडून मोजणी करा. बारा जोड्या म्हणजे २४ न्यूक्लिओटाइड, म्हणजे शर्करा, बेस आणि फॉस्फेट मिळून होणारे डीएनएचे घटक. त्यासाठी शर्करेचे २४ तुकडे आणि बेसचेही २४ तुकडे लागतात. बेस सहसा अॅडेनिन ६, थायमिन ६, ग्वानिन ६ आणि सायटोसिन ६ असे विभागलेले असतात. हायड्रोजन बंध दाखवणारे मधले सांधे १२. फॉस्फेटवर मात्र अडायला होतं. काही किटमध्ये ते २२ असतात, काहींमध्ये २४, आणि २२ निघाले की दोन तुकडे कमी आले म्हणून तक्रार केली जाते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एका साखळीत बारा शर्करा असतील तर त्यांना जोडायला मधले अकराच फॉस्फेट लागतात, म्हणून दोन साखळ्यांचे २२. उरलेले दोन हे प्रत्येक साखळीच्या ५′ टोकावरचे, म्हणजे शर्करेचा पाचवा कार्बन मोकळा असतो त्या टोकावरचे. ते असूही शकतात, नसूही शकतात. प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवलेल्या छोट्या डीएनएच्या दोन्ही टोकांना सहसा नुसता हायड्रॉक्सिल (ओएच) गट असतो, तर एन्झाइमने कापलेल्या डीएनएच्या ५′ टोकाला बहुधा फॉस्फेट उरतं. २४ वाला किट घेणं चांगलं, कारण त्यात दोन्ही दाखवता येतं.

आता शर्करेचा तुकडा. डीऑक्सिरायबोजच्या पंचकोनी कड्यात चार कार्बन आणि एक ऑक्सिजन असतो. पाचवा कार्बन कड्याबाहेर, हात वर केल्यासारखा उभा असतो. पहिल्या कार्बनला बेस जोडलेला असतो, तिसऱ्यावरून एक फॉस्फेट निघतं आणि पाचव्यावरून दुसरं. दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन नसतो, म्हणून नावात ‘डीऑक्सी’. यातली कामाची गोष्ट अशी की तिसरा आणि पाचवा कार्बन सारखे नाहीत. त्यामुळे शर्करेला वर आणि खाली अशा दोन वेगळ्या बाजू आहेत आणि सगळ्या साखळीला ५′ कडून ३′ कडे अशी दिशा आहे. चांगल्या किटमध्ये हे हाताला कळतं. एका बाजूला खुंटी, दुसऱ्या बाजूला भोक, आणि बेससाठी तिसरं भोक वेगळ्या आकाराचं. पंचकोनाचं ऑक्सिजनवालं टोकही ओळखू येईल असं केलेलं असतं. स्वस्तातल्या किटमध्ये शर्करा म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच भोकं असलेला पंचकोन असतो, कधी तर नुसता गोळा. तो कसाही लावला तरी बसतो, आणि कसाही लावला तरी बसतो म्हणूनच तो काही शिकवत नाही.

डीएनएच्या दोन साखळ्या उलट दिशांनी धावतात. समोरच्या साखळीत शर्करेच्या खुंट्या वर असतील तर दुसऱ्या साखळीत त्या खाली असायला हव्यात. वॉटसन आणि क्रिक यांचं १९५३ चं डीएनए मॉडेल अडलं होतं त्यातल्या एका गाठीचं उत्तर हेच होतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन यांनी केलेल्या मोजमापांतली स्फटिकाची सममिती पाहिल्यावर फ्रान्सिस क्रिक यांनी ओळखलं की साखळ्या एकमेकींच्या उलट असल्या पाहिजेत. जो किट ही गोष्ट बोटांना जाणवू देत नाही तो घेऊ नका. आधीच घेऊन बसला असाल तर उपाय आहे. लाल नेलपॉलिशची बाटली आणा, शर्करेच्या चोवीसही तुकड्यांवर एकाच बाजूला ठिपका द्या आणि ठिपका म्हणजे ५′ असं ठरवून टाका. रंग सुकायला वेळ द्या, ओला असताना बोटांना लागून पुसला जातो.

दुसरी तपासणी टेबलावर करायची. दांडीला हात न लावता एक ए–टी (अॅडेनिन–थायमिन) जोडी आणि एक जी–सी (ग्वानिन–सायटोसिन) जोडी शर्करेसकट बनवा आणि शेजारी आडव्या ठेवा. दोन्हींची लांबी सारखी भरली पाहिजे. खऱ्या रेणूत एका शर्करेच्या १′ कार्बनपासून समोरच्या १′ कार्बनपर्यंतचं अंतर दोन्ही जोड्यांत जवळजवळ एकच, साधारण १.०५ नॅनोमीटर असतं. मोठा बेस आणि छोटा बेस मिळून रुंदी तेवढीच राहते, म्हणून बाहेरचे धागे कुठे फुगत नाहीत आणि कुठे आत ओढले जात नाहीत. फेब्रुवारी १९५३ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स वॉटसन यांनी पुठ्ठ्याचे बेस कापून टेबलावर सरकवत पाहिलं ते हेच. पत्र्याचे तुकडे वर्कशॉपमधून यायचे होते म्हणून पुठ्ठा. त्याआधी बेसची चुकीची रूपं धरल्यामुळे जोड्या जुळत नव्हत्या, ती चूक रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी दाखवून दिली. किटमध्ये ए ची सी शी किंवा ए ची जी शी जोडी लावून बघा. ती बसता कामा नये. सगळ्या बेसना एकाच आकाराची खुंटी देणारे किट आहेत. त्यांत काहीही काहीशीही जुळतं आणि मग जोडीचा नियम फक्त रंग पाठ करून लक्षात ठेवावा लागतो.

त्याच दोन जोड्यांकडे आणखी एकदा बघा, या वेळी कोनाकडे. दोन्ही शर्करा एका सरळ रेषेत, काठीच्या दोन टोकांसारख्या येतात का? खऱ्या रेणूत येत नाहीत. दोन्ही बेसमधून शर्करेकडे जाणारे बंध एकाच बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे जोडीच्या एका बाजूला शर्करा एकमेकींच्या जवळ येतात आणि दुसऱ्या बाजूला लांब जातात. अशा जोड्या एकावर एक पीळ देत रचल्या की बाहेर एक रुंद आणि एक अरुंद खाच तयार होते. मेजर आणि मायनर ग्रूव्ह त्या याच. मोजायची तर सुमारे २.२ आणि १.२ नॅनोमीटर. जोडी सरळ काठीसारखी असेल तर दोन्ही खाचा सारख्याच रुंद होतात आणि ही चूक नंतर कशानेही दुरुस्त होत नाही, कारण ती साच्यातच आहे. उत्पादनाचा फोटो बघतानाही हे ओळखता येतं. धाग्यांमधलं अंतर रुंद-अरुंद-रुंद असं दिसलं पाहिजे. सगळीकडे सारखं दिसलं तर पुढचा किट बघा.

फोटोवरूनच पीळही तपासा. नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. मॉडेल उभं असताना पुढच्या बाजूचे धागे खाली डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसले पाहिजेत. ‘उलटं धरलं असेल’ हे स्पष्टीकरण चालत नाही, कारण पीळ उलटा धरल्याने बदलत नाही, आरशातच बदलतो. वेष्टनावर किंवा जाहिरातीत डावा पीळ दिसला तर एक तर फोटो आडवा पलटवला आहे किंवा मॉडेलच चुकीचं आहे. डाव्या पिळाचा झेड-डीएनए खरोखर असतो, १९७९ मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. पण त्याच्या एका वेढ्यात १२ जोड्या असतात आणि कणा नागमोडी जातो. किटमधला चुकलेला पीळ म्हणजे झेड-डीएनए नव्हे.

जोडणीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सोबत येणाऱ्या पत्रकात सहसा चित्रांपलीकडे फार काही नसतं. आधी बाराही जोड्या शर्करेसकट टेबलावर सपाट तयार करा. प्रत्येक जोडीत डाव्या शर्करेची खुंटी वर आणि उजवीची खाली, आणि अरुंद खाचेची बाजू तुमच्याकडे. बाराही जोड्या अशा ओळीने मांडून एकदा नजर फिरवली की नंतरचा निम्मा वैताग वाचतो. एखाद्या जोडीत ए डावीकडे हवा असताना उजवीकडे आला असेल तर ती जोडी पुस्तकाचं पान उलटावं तशी डावीकडून उजवीकडे उलटायची. असं केलं की बेसची अदलाबदल होते आणि तरी डावी खुंटी वर, उजवी खाली आणि अरुंद बाजू आपल्याकडे, हे तिन्ही कायम राहतं. तव्यावरच्या पोळीसारखी पलीकडे उलटली तर खुंट्या आणि खाचा दोन्ही चुकतात. टेबलावरच गोल फिरवली तर खुंट्या चुकतात आणि अरुंद बाजू पलीकडे जाते. चौथ्या-पाचव्या पायरीला फॉस्फेट बसेनासं होतं तेव्हा जवळजवळ नेहमी खालची एखादी जोडी अशीच चुकीची उलटलेली असते. जोर लावू नका, खुंटी तुटते. खाली उतरून ती जोडी शोधा.

मग पहिली जोडी दांडीत घाला. पुढच्या प्रत्येक जोडीला किती फिरवायचं? खऱ्या रेणूत, द्रावणात, एका वेढ्यात साधारण १०.५ जोड्या असतात, म्हणजे दर पायरीला ३४ अंशांच्या आसपास. १९५३ च्या मॉडेलमध्ये दहा जोड्या धरल्या होत्या, म्हणजे ३६ अंश, आणि हाताने बांधायला हाच आकडा सोयीचा. कागदावर घड्याळाची तबकडी काढून बैठकीखाली ठेवा. घड्याळावर ३६ अंश म्हणजे बरोबर सहा मिनिटं. वरून बघत दर पायरी सहा मिनिटं मागे, म्हणजे काट्यांच्या उलट दिशेने न्यायची: आधी १२ वर, मग ५४ व्या मिनिटावर, मग ४८, ४२, ३६. दिशा चुकवून काट्यांच्या दिशेने गेलात तर डावा पीळ तयार होतो. अकरावी पायरी पुन्हा पहिलीच्या बरोबर वर आली की हिशेब जुळला. बाराव्या पायरीला वेढा पूर्ण होऊन थोडा पुढे गेलेला असतो, आणि बारा पायऱ्यांचा किट घेण्याचं हेच कारण आहे. सहा किंवा आठ पायऱ्यांच्या स्वस्त किटमध्ये एकही वेढा पुरा होत नाही आणि दोन्ही खाचा नीट दिसत नाहीत.

फॉस्फेट प्रत्येक पायरी चढवतानाच लावत जा, शेवटी लावायला ठेवलीत तर आतल्या बाजूने बोट जात नाही. त्यांची जागा कायम बाहेर. हे सांगायची गरज पडू नये, पण तुकडे ढिले असले की मुलं ते आत वळवतात. १९५३ च्या सुरुवातीला लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांच्या तीन साखळ्यांच्या मॉडेलमध्येही फॉस्फेट मधोमध होतं. प्रत्येक फॉस्फेटवर ऋण भार असतो, ते सगळे आत कोंबले तर एकमेकांना ढकलतील. बाहेर असले की पाणी आणि सोडियम, मॅग्नेशियमचे आयन त्यांना सांभाळतात. बांधून झालं की दोन टोकांची फॉस्फेटं बघा: एक वरच्या टोकाला आणि दुसरं खालच्या टोकाला असलं पाहिजे. दोन्ही वर आली तर कुठेतरी एक साखळी पूर्णच उलटी लागली आहे.

कोणता क्रम बांधायचा यावर पत्रकं गप्प असतात आणि मग मुलं रंग छान दिसतील तसे बेस लावतात. बारा जोड्यांचा सर्वांत प्रसिद्ध तुकडा म्हणजे डिकरसन यांचा, सी-जी-सी-जी-ए-ए-टी-टी-सी-जी-सी-जी. बी-डीएनएच्या, म्हणजे नेहमीच्या उजव्या पिळाच्या डीएनएच्या, पूर्ण वेढ्याची स्फटिकरचना पहिल्यांदा, १९८० च्या आसपास, याच तुकड्यावरून मिळाली. पण एका किटमध्ये तो बांधता येत नाही, कारण त्याला जी आणि सी प्रत्येकी आठ लागतात आणि डब्यात सहा-सहाच असतात. दोन किट असतील तर जरूर बांधा. एकाच किटमध्ये बसणारा क्रम हा: सी-जी-टी-जी-ए-ए-टी-टी-सी-ए-सी-जी. यात प्रत्येक बेस बरोबर सहा वेळा लागतो. दोन्ही साखळ्या ५′ कडून वाचल्या की हाच क्रम येतो, त्यामुळे मुलांना स्वतःचं काम स्वतः तपासता येतं. मधोमध जी-ए-ए-टी-टी-सी आहे, म्हणजे इको आर-वन या कापणाऱ्या एन्झाइमची जागा. दोन्ही साखळ्यांत जी आणि ए यांच्यामधला जोड सोडवा, फॉस्फेट मात्र ए च्या बाजूला राहू द्या, एन्झाइमही तसंच करतं. आता मधल्या चार ए–टी जोड्यांच्या आठ हायड्रोजन बंधांवरच दोन अर्धे टिकून असतात. ते हलकेच ओढा आणि प्रत्येक अर्ध्यावर चार बेसचं मोकळं टोक लटकताना बघा. ‘स्टिकी एंड’ हा शब्द इतक्या स्पष्टपणे फळ्यावर समजावता येत नाही. शर्करा आणि फॉस्फेट एकाच साच्यात ओतलेल्या किटमध्ये तुकडा आपोआप ५′ बाजूने सुटेल असं असेलच असं नाही, म्हणून वेगळी फॉस्फेट असलेला किटच घ्या.

बंधांच्या सांध्याकडेही लक्ष द्या. ए–टी मध्ये दोन आणि जी–सी मध्ये तीन बंध दिसायला हवेत. आपल्या क्रमात एकूण ६ × २ + ६ × ३ = ३० बंध होतात. सगळीकडे दोनच दांड्या देणारा सांधा असेल तर तो किट १९५३ मध्येच थांबला आहे. त्या वर्षीच्या मूळ मॉडेलमध्ये जी–सी चे दोनच बंध धरले होते, तिसरा पॉलिंग आणि कोरी यांनी १९५६ मध्ये मांडला.

या प्रकारच्या जवळजवळ सगळ्याच किटचा मोठा दोष आता. जोड्यांमध्ये फार हवा असते. ताणलेपणा मोजायची रीत सोपी आहे. मॉडेलचा बाहेरचा व्यास मोजा, मग पहिल्या पायरीपासून अकराव्या पायरीपर्यंतची उंची मोजा. खऱ्या रेणूत व्यास २ नॅनोमीटर आणि दहा पायऱ्यांची उंची ३.४ नॅनोमीटर, म्हणजे उंची व्यासाच्या १.७ पट. व्यास ११ सेंटीमीटर असेल तर ही उंची १९ सेंटीमीटरच्या आत राहायला हवी. ती ३५ च्या पुढे गेली तर मॉडेल जवळजवळ दुपटीने ताणलेलं आहे. बोटं आत जावीत आणि रंग दिसावेत म्हणून ते ताणलेलं असतं, ही सोय समजण्यासारखी आहे. पण किंमत मोठी आहे. ०.३४ नॅनोमीटर ही सपाट बेसची जवळजवळ पूर्ण जाडी. म्हणजे खरे बेस नाण्यांच्या चळतीसारखे एकमेकांना टेकलेले असतात आणि मधे पाण्याचा रेणू शिरायलाही जागा नसते. डीएनएची दुहेरी साखळी टिकते ती मुख्यतः या चळतीमुळे. हायड्रोजन बंध जोडीदार कोण हे ठरवतात, पण भक्कमपणाचा मोठा वाटा एकावर एक रचलेल्या बेसचा असतो. ताणलेलं मॉडेल पाहून उलटं वाटतं, जणू पोकळीत तरंगणाऱ्या पायऱ्या कडेच्या दोरांना लटकल्या आहेत. म्हणून वर्गात मॉडेलशेजारी रुपयाच्या दहा नाण्यांची चळत ठेवा, प्रत्येक नाणं थोडं फिरवून. मॉडेलमधली दांडी रेणूत नसते, हेही त्याच वेळी सांगा. मुलं तिला खरी धरतात.

आणखी एक गोष्ट किट लपवतो: बेसची कड. थायमिनवर एक मिथाइल गट असतो आणि तो रुंद खाचेत डोकावतो. प्रथिनं साखळ्या न उलगडता क्रम वाचतात ते बहुतांशी रुंद खाचेतल्या अशा खुणांवरून. तिथे ए–टी, टी–ए, जी–सी, सी–जी अशा चारही जोड्या वेगळ्या ओळखता येतात. अरुंद खाचेत ए–टी आणि टी–ए यांच्यात फरक करणं अवघड जातं. सपाट रंगीत पट्टीच्या बेसमध्ये यातलं काही दिसत नाही. थायमिनच्या सहाही तुकड्यांवर रुंद खाचेच्या बाजूला पांढऱ्या चिकणमातीचा मुगाएवढा गोळा चिकटवा, निदान एक खूण तरी दिसेल.

अणू-अणूंचा बॉल-अँड-स्टिक किट घ्यावा का, हा प्रश्न साहजिक आहे. तेवढ्याच बारा जोड्यांना त्यात साडेसातशेहून जास्त अणू लागतात. एका वर्गाकडून ते पुरं होत नाही आणि पुरं झालं तरी स्वतःच्या वजनाने वाकतं. त्याचा खरा उपयोग एकच ए–टी आणि एकच जी–सी जोडी बांधण्यासाठी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय रेणूंचा किट असतोच, त्यातून या दोन जोड्या बांधून बारा पायऱ्यांच्या मॉडेलशेजारी ठेवल्या तर दोघांच्या उणिवा भरून निघतात.

टिकाऊपणाचं थोडक्यात. खुंटी दाबल्यावर किंचित वाकून परत सरळ होणारं प्लास्टिक चांगलं. काचेसारखं कडक आणि चकचकीत प्लास्टिक दोन-तीन वर्गांत खुंट्या मोडतं. मोडलेली खुंटी भोकात अडकली तर गरम सुई टोचून निवू द्या आणि मग ओढा. सांधे ढिले झाले तर खुंटीवर टेफ्लॉन टेपचा एक वेढा पुरतो. गोंद लावू नका, नाहीतर इको आर-वनचा प्रयोग कायमचा गेला. शर्करेचे तीन-चार आणि फॉस्फेटचे तेवढेच जादा तुकडे विकत मिळतात का ते खरेदीआधी विचारून घ्या, कारण हरवतात ते हेच. बेसचा एक तुकडा जरी हरवला तरी मात्र वर दिलेला क्रम बांधता येत नाही. तेव्हा डबा परत कपाटात ठेवताना २४, २४, २४ आणि १२ मोजूनच ठेवा.